टाकाऊ दिसणारं बी आणि ताण सोसणारी पिकं

आडरान

१९४८ साली जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानातून गव्हाचा एक नमुना गोळा केला. कुणाच्या नजरेत भरावा असा तो गहू नव्हताच. उंच वाढायचा, काडी बारीक, त्यामुळे लोळायचा. पानांवर तांबेरा यायचा, कडाक्याची थंडी सोसायची नाही, आणि पिठाचा पावही चांगला होत नसे. त्याला पीआय १७८३८३ असा क्रमांक मिळाला आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षं तो साठ्यात पडून राहिला. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याने गव्हाची वाट लावली, तेव्हा कुठे त्याची आठवण झाली. तपासणीत या गव्हाने पिवळ्या तांबेऱ्याच्या चार प्रकारांना दाद दिली नाही, काणीच्याही कितीतरी प्रकारांना तो पुरून उरला. त्या भागातल्या नंतरच्या अनेक वाणांच्या वंशावळीत तो आहे.

धागा काढायचं कारण हे, की पिकांच्या विविधतेबद्दल बोलताना आपण बहुधा 'जपली पाहिजे' इथवर येऊन थांबतो. जपलेल्याचं पुढे करायचं काय, यावर फार कमी बोललं जातं. माझं ठाम मत आहे की जनुकपेढीतल्या, म्हणजे पिकांचं बी जपून ठेवणाऱ्या साठ्यातल्या, नमुन्याची किंमत तो दिसतो कसा किंवा चांगल्या रानात उतारा (उत्पादन) किती देतो यावरून ठरवताच येत नाही. त्याला नेमका तो ताण (पूर, दुष्काळ, रोग, जो हवा तो) देऊन बघावं लागतं. मग त्याच्यातला हवा तेवढाच गुण उचलून चालू वाणात आणायला वर्षानुवर्षं खपावं लागतं. नवी वाणं तयार करणारे पैदासकार या मधल्या टप्प्याला प्री-ब्रीडिंग म्हणतात, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होतं.

भाताचं उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण त्यात सगळं दिसतं.

भाताला पाणी लागतं, पण रोप पूर्ण बुडालं तर तेही मरतं. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात. त्यामुळे बुडालेल्या रोपाला ऑक्सिजन पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, आणि रोपाने स्वतःच तयार केलेला इथिलीन वायू बाहेर न पडता आत साठत जातो. इथिलीन वाढलं की बहुतेक वाणं पाण्याच्या वर यायला घाईघाईने पानं लांबवायला लागतात. त्यात साठवलेलं स्टार्च आणि साखर संपून जाते. पाणी उतरतं तेव्हा लांबट, फिकट पानं चिखलावर आडवी झालेली असतात आणि नवं पान काढायला रोपाकडे काही उरलेलं नसतं.

ओडिशातल्या धालपुटिया या पारंपरिक भातातून निवडलेलं एफआर १३ए हे वाण बरोबर उलटं वागतं. बुडालं की वाढ आवरती घेतं, साठा राखून ठेवतं, आणि दोन आठवड्यांनी पाणी ओसरलं तरी पुन्हा फुटतं. या वागण्यामागचा मुख्य भाग नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ मध्ये कळलं. २००६ मध्ये सब१ए हा जनुक नेमका हाती लागला. स्वर्णा या लोकप्रिय वाणात तो आणून स्वर्णा-सब१ तयार केलं, आणि २००९ मध्ये ते भारतात प्रसारित झालं. उतारा, दाणा, कालावधी सगळं मूळ स्वर्णासारखंच, फक्त पुरात तगण्याची जास्तीची ताकद. शेत बुडाल्यावर मूळ वाणापेक्षा हेक्टरी १ ते ३ टन जास्त भात मिळाल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या माहितीतली अशी उदाहरणं लिहा. शंकाही लिहा.

कोरडवाहू

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: एफआर १३ए मुळातच पुरात तगत होतं, तर लोकांनी तेच का नाही लावलं? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

आडरान

@कोरडवाहू, शंका बाळबोध अजिबात नाही. एफआर १३ए उंच वाढतं आणि उतारा कमी देतं. पूर दर वर्षी येत नाही, पण कमी उतारा मात्र दर वर्षी पदरात पडतो. म्हणून पूर नसलेल्या वर्षीही ज्याचं काही बिघडत नाही असंच वाण लोक स्वीकारतात. सब१ए तसा निघाला. पाण्याखाली गेल्याशिवाय तो फारसा कामाला लागत नाही, त्यामुळे एरवी उताऱ्यात फरक पडत नाही.

१९७० च्या दशकात एफआर १३ए चा गुण लक्षात आल्यापासून संकर सुरू झालेच होते. पण त्यातून निघालेली वाणं पुरात तगली तरी लोकांना पसंत पडली नाहीत. चांगल्याबरोबर नको तेही येत होतं.

पाठपुरावा

हे 'नको तेही येतं' प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. चांगल्या वाणाचा आणि गावठी किंवा रानटी झाडाचा संकर केला की पहिल्या पिढीत निम्मे निम्मे. त्याचा चांगल्या वाणाशी पुन्हा संकर केला (याला बॅकक्रॉस म्हणतात) की सरासरी ७५ टक्के चांगलं, मग ८७.५, मग ९३.७५. कागदावर सहा वेळा असं केलं की ९९ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे काम फत्ते असं वाटतं.

पण ती सरासरी असते संपूर्ण जीनोमची, म्हणजे झाडाच्या सगळ्या जनुकसामग्रीची. ज्या जनुकासाठी निवड चालली आहे, त्याच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा पट्टा त्याच्याबरोबर घट्ट चिकटून येतो. टोमॅटोत टीएम-२ नावाचा विषाणूरोधक जनुक रानटी जातीतून आणला होता. १९८९ मध्ये यंग आणि टँक्सली यांनी जुनी-नवी वाणं तपासली, तेव्हा अकरा वेळा बॅकक्रॉस केलेल्या एका वाणातही रानटी गुणसूत्राची अख्खी आखूड भुजा तशीच बसलेली सापडली. अकरा पिढ्यांची मेहनत, आणि जनुकाशेजारचा पसारा जागच्या जागी. त्या पट्ट्यात दाणा गळणं, उशिरा फुलणं, चव बिघडणं असं काहीही लपलेलं असू शकतं.

डीएनए-खुणा (गुणसूत्रावरची जागा दाखवणाऱ्या ओळखखुणा) वापरायला लागल्यापासून चित्र पालटलं. हजार रोपांतून, ज्या रोपात गुणसूत्राची तुटजोड नेमकी जनुकाच्या अगदी शेजारी झाली आहे, ते रोप कोवळं असतानाच ओळखता येतं. स्वर्णा-सब१ दोन-तीन बॅकक्रॉसमध्ये झालं ते यामुळेच.

प्रयोगवही

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. जनुक संपादन, म्हणजे डीएनएत हवा तो बदल थेट करायचं तंत्र, आता हाताशी आहे. सब१ए माहीत झाला, तर तो थेट लिहून टाकता येईल. लाखो पुड्या थंडगार खोलीत ठेवायच्या, दहा-दहा वर्षं संकर करत बसायचं, हे मागच्या शतकातलं काम आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. संगणकावर प्रथिनांच्या रचनाही आता काढता येतात.

पाठपुरावा

@प्रयोगवही, 'सब१ए माहीत झाला तर' यातल्या 'तर'मध्येच सगळं आलं. तो माहीत झाला तो एफआर १३ए जपलेलं होतं आणि कुणीतरी ते पाण्यात बुडवून पाहिलं म्हणून.

भाताचा पहिला प्रमाण जीनोम (ज्याच्याशी बाकीचे ताडून बघतात तो) निप्पोनबारे या जपानी वाणाचा. त्यात सब१ए नाहीच. निप्पोनबारे ज्यात येतं त्या जपोनिका गटातल्या भातांत तो मुळातच नसतो. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळं वाढवणारा पीएसटीओएल१ हा जनुकही निप्पोनबारेत नाही. तो सापडला कसलथ या आउस नावाच्या वेगळ्या गटातल्या पारंपरिक वाणात, २०१२ मध्ये. म्हणजे एकाच वाणाचा जीनोम कितीही बारकाईने वाचला असता तरी हे दोन्ही जनुक कधीच दिसले नसते. नंतर ३,०१० भातांचे जीनोम वाचले गेले ते उगाच नाही.

बार्लीचं उदाहरण आणखी वेगळं आहे. जमिनीत बोरॉन जास्त झालं की पीक जळतं. अल्जीरियातलं सहारा नावाचं पारंपरिक बार्ली हे सोसतं. २००७ मध्ये कारण सापडलं. बोरॉन बाहेर टाकणाऱ्या प्रथिनाचा बॉट१ हा जनुक नाजूक वाणांतही आहे, पण सहारात त्याच्या सुमारे चौपट प्रती आहेत. जनुक तोच, फक्त अनेकदा लिहिलेला. हे टेबलापाशी बसून कुणाला सुचलं असतं?

संपादनाला माझा विरोध नाही, उलट ते हवंच आहे. पण काय लिहायचं हे शिकवणारं पुस्तक जनुकपेढीतच आहे.

प्रयोगवही

बॉट१ ची गोष्ट माहीत नव्हती. मुद्दा मान्य. पण मग प्रश्न उलटा होतो. लाखो नमुन्यांत शोधायचं कुठे? प्रत्येक नमुना प्रत्येक ताणात लावून बघणं तर अशक्य.

खोलमुळी

त्या प्रश्नाआधी एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर चर्चा एका जनुकाभोवतीच फिरत राहील. सब१ए अपवाद आहे. एक जनुक, मोठा परिणाम. दुष्काळाचं तसं नाही, आणि 'दुष्काळ सोसणारं वाण' हे शब्दच मला खटकतात, कारण दुष्काळ हा एक ताण नाही. पेरणीनंतर पावसाने दडी मारणं वेगळं, मधे मधे उघडीप पडणं वेगळं, आणि पोटरीत किंवा फुलोऱ्यात पाणी तुटणं वेगळं.

मुळांचंच बघा. फिलिपिन्समधल्या किनांदांग पातोंग या वरकस, म्हणजे पाणी न साठवता घेतल्या जाणाऱ्या, भातात डीआरओ१ जनुकाचं असं रूप सापडलं की मुळं उभी खाली उतरतात. ते आयआर६४ या उथळ मुळाच्या वाणात आणलं आणि दुष्काळात उतारा टिकला. हे २०१३ चं काम. पण खाली ओल असेल तरच उभी मुळं कामाची. जमीन हातभर खोल आणि खाली कातळ असेल तर त्यांचा काय उपयोग? शिवाय स्फुरद बहुतेक वरच्या थरात असतं, तिथे वर पसरलेली मुळं हवीत. एका ताणासाठीचं उत्तर दुसऱ्या ताणात अडचण होतं.

आणि आपण काय गमावलं आणि ते कसं, याचं एक उदाहरण. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर दुष्काळात उतारा टिकवणारा एक भाग आहे, क्यूडीटीवाय१.१ नावाचा. तो ठेंगणेपणाच्या एसडी१ जनुकाला अगदी लागून आहे. हरितक्रांतीत ठेंगणी वाणं निवडली गेली, आणि ते बरोबरच होतं, कारण खत दिल्यावर उंच भात लोळत होते. पण उंचीच्या रूपाबरोबर शेजारचा दुष्काळ सोसणारा तुकडाही बाहेर गेला. कुणी मुद्दाम टाकला नाही. सगळी निवड भरपूर पाण्याच्या शेतात चालली होती, तिथे त्याची उणीव दिसायला जागाच नव्हती. एन२२ सारख्या जुन्या वाणांत तो शाबूत होता, म्हणून नंतर हे दोन भाग एकमेकांपासून तोडून ठेंगणं आणि तरीही दुष्काळात तगणारं भात करता आलं. एन२२ साठ्यात नसतं तर हे कुणाला कळलंही नसतं.

आडरान

@खोलमुळी, अगदी हेच. पुरालाही हे लागू आहे. सब१ए पंधरवड्याच्या पुरासाठी. जिथे पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं तिथे वाढ थांबवून बसलेलं रोप मरणारच. तिथल्या खोल पाण्यातल्या भातांत स्नॉर्कल१ आणि स्नॉर्कल२ हे जनुक आहेत. तेही इथिलीनलाच प्रतिसाद देतात, पण कांडी लांबवतात. असं भात दिवसाला २०-२५ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. एकच पीक, एकच इशारा, आणि दोन विरुद्ध उत्तरं. दोन्ही शेतकऱ्यांच्या निवडीतून शेतातच टिकून राहिलेली.

बीजकोठी

जनुकपेढीत काम करते म्हणून @प्रयोगवही यांच्या 'शोधायचं कुठे' या प्रश्नावर लिहिते.

अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार जगभरात १,७५० हून अधिक जनुकपेढ्यांत मिळून सुमारे ७४ लाख नमुने आहेत. त्यातले खऱ्या अर्थाने वेगळे २५ ते ३० टक्केच, बाकी एकमेकांच्या प्रती. तरीही ढीग प्रचंड आहे. कितीतरी पुड्यांवर फक्त देशाचं नाव असतं, गाव नाही, उंची नाही, जमीन कशी होती ते नाही. पुडीतल्या दाण्यांइतकीच ही माहिती मोलाची असते. नमुना कुठून आला हे नेमकं ठाऊक असेल तर तिथलं तापमान, पाऊस, क्षारता काढता येते आणि कोणता ताण त्या झाडांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला असेल याचा अंदाज बांधता येतो. याच तत्त्वावर फिग्स नावाची निवडपद्धत उभी आहे. गव्हाच्या भुरी रोगासाठी १६,०८९ नमुन्यांच्या माहितीतून १,३२० वेगळे काढले आणि तेवढेच तपासले. त्यातून पीएम३ या भुरीरोधक जनुकाची सात नवी कार्यक्षम रूपं मिळाली. रानोमाळ भटकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता साठवणुकीबद्दल, कारण लोकांना वाटतं एकदा बी गोठवलं की झालं. बी ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून उणे १८ अंशांत ठेवलं तरी ते हळूहळू मरतच असतं. ठरावीक वर्षांनी उगवणशक्ती तपासायची, घसरली असेल तर ते बी शेतात लावून नवं धरायचं. इथेच घोळ होतो. बाजरी किंवा मक्यासारख्या परपरागित (एका झाडाचे पराग दुसऱ्यावर पडून बी धरणाऱ्या) पिकाचा नमुना जागा नाही म्हणून थोड्याच झाडांवर वाढवला, तर त्यातली दुर्मीळ रूपं त्याच पिढीत गळून जातात. पुडी भरलेली दिसते, क्रमांक तोच असतो, आत मात्र विविधता कमी झालेली. म्हणून आम्ही झाडांच्या संख्येसाठी आणि फुलांवर पिशव्या घालण्यासाठी हटून बसतो.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात, जगभरचं बी गोळा करणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतल्या लोकांनी उपासमारीने प्राण सोडले पण संग्रहातलं धान्य खाल्लं नाही. स्वतः वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये सरातोव्हच्या तुरुंगात गेले. आणि हा इतिहास जुना झालेला नाही. सीरियातल्या अलेप्पोजवळची इकार्डाची (कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची) जनुकपेढी युद्धामुळे हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारातून, जिथे जगभरच्या पेढ्या प्रती ठेवतात, पहिल्यांदा बी परत काढावं लागलं. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत लावून, वाढवून, २०१७ मध्ये पुन्हा स्वालबार्डला भरलं. दुसरीकडे प्रत ठेवलेली होती म्हणून हे झालं.

कोरडवाहू

@बीजकोठी, प्रतिसाद दोनदा वाचला. पुडीवर गाव लिहिलेलं नसलं तर तपासणी अडते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

सामायिक

आतापर्यंत कुणी काढला नाही तो विषय काढतो. हे नमुने आकाशातून पडले नाहीत. धालपुटिया भात पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी पेरलं, पुरातून वाचलेल्या रोपांचं बी धरलं. सहारा बार्लीही तसंच. पैदासकाराचं नाव शोधनिबंधावर येतं, पेरणाऱ्याचं येत नाही. मला हे मनापासून खटकतं.

२००१ मध्ये झालेला आणि २००४ पासून लागू असलेला वनस्पती जनुकसंपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार यावर काही करू पाहतो. यादीतल्या पिकांचे नमुने सगळ्यांना एकाच ठरावीक करारपत्रावर मिळतात, आणि त्यातून काढलेलं वाण इतरांना पुढच्या पैदाशीसाठी बंद केलं, तर विक्रीचा ठरावीक हिस्सा सामायिक निधीत भरायचा. कल्पना चांगली. पण २००१ च्या मूळ यादीत ६४ पिकं, त्यात टोमॅटो, भुईमूग, सोयाबीन नाहीत. आणि आता तर बी हलवायचीही गरज उरली नाही. जनुकाची अक्षरमाला संगणकावरून उतरवून घेतली की झालं, मग करारपत्रावर सही कोण करणार? @प्रयोगवही म्हणतात तसं थेट लिहिणं सोपं होईल, तसतसा हा प्रश्न मोठा होत जाणार.

पाठपुरावा

सहमत. फक्त एक काळजी. हक्कांच्या भीतीने देशांनी नमुने देणंच थांबवलं तर नुकसान सगळ्यांचं. कुठलाच देश सगळ्या पिकांबाबत स्वयंपूर्ण नाही. गव्हात मीठ सोसायचा टीएमएचकेटी१;५-ए हा जनुक ट्रिटिकम मोनोकॉकम या प्राचीन गव्हातून आला, मुळांतून वर चढणारं सोडियम तो वाटेतच अडवतो. ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या शेतात त्याने ड्युरम गव्हाचा उतारा २५ टक्क्यांपर्यंत वाढवला. ते झाड मूळचं पश्चिम आशियाकडचं. देवाणघेवाण थांबली असती तर हे झालंच नसतं. हिस्सा द्यायलाच हवा, पण दार बंद न करता.

सामायिक

दार बंद करा असं मी म्हणत नाहीये. दारातून जे बाहेर जातं त्याचं काहीतरी परतही यावं, इतकंच. आणि ते शेतात यावं. कारण थंडगार खोलीत बी जिथल्या तिथे थांबतं, शेतात आणि रानात ते बदलत राहतं. इस्राएलमध्ये रानटी गहू आणि रानटी बार्ली यांच्या त्याच जागांवरून १९८० आणि २००८ मध्ये बी गोळा करून शेजारी शेजारी लावलं, तेव्हा नंतरचं बी सरासरी नऊ-दहा दिवस आधी फुललं. २८ वर्षांत एवढा बदल. १९८० ची पुडी आणि २००८ चं रान, दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

तिरीप

उष्णतेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. @आडरान यांचा 'नेमका तो ताण देऊन बघा' हा मुद्दा इथे एका वेगळ्या वळणावर जातो.

भाताचं फूल उघडतं तेव्हा तापमान ३५ अंशांच्या वर असेल तर परागकण नीट पडत नाहीत, रुजत नाहीत, आणि लोंबी पळिंजाची (पोकळ दाण्यांची) निघते. फूल उघडं असतं तो तास-दीड तास सगळ्यात नाजूक. एन२२ या तासातही बऱ्यापैकी तग धरतं, म्हणून उष्णतेसाठी ते जगभर वापरलं जातं.

ओरायझा ऑफिसिनॅलिस हा भाताचा रानटी नातेवाईक मात्र वेगळंच करतो. तो भल्या सकाळी, ऊन तापायच्या आत, फुलतो. उष्णता-कक्षात ठेवून फुलोऱ्याच्या वेळी ३८ अंश दिले तर तो 'सहनशील' ठरेलच असं नाही, कारण सोसणं ही त्याची युक्तीच नाही. तपासणीच्या नेहमीच्या पद्धतीत हा गुण निसटून गेला असता. कुणीतरी पहाटे शेतात उभं राहून फुलं कधी उघडतात हे बघितलं, म्हणून तो सापडला. लवकर फुलण्याचा हा भाग तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि तो लागवडीच्या भातात आणलाही गेला आहे.

आडरान

@तिरीप, हे उत्तम आणलंत. मग पुढचा प्रश्न: एन२२ ची सोशिकता आणि ऑफिसिनॅलिसची सकाळची वेळ एकाच वाणात एकत्र आणली तर दोन्हींचा फायदा बेरजेने मिळेल का? की फूल लवकर मिटल्यावर सोशिकतेला कामच उरणार नाही? मला वाटतं, रात्रीही गरम राहणाऱ्या भागात दोन्ही लागतील, कारण तिथे सकाळीच पारा चढलेला असतो. @खोलमुळी, @तिरीप, यावर शेतातल्या चाचण्यांबद्दल काही वाचलं असेल तर इथेच लिहा.